लाकडी वाडग्याला आतून काय लावायचं? जेवणाला चालेल आणि आपल्या पावसात टिकेल असं

करवीर_खराद

नमस्कार मंडळी. फावल्या वेळात लाकडी वाडगे करतो मी. लेथ उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमधून बनवून घेतलाय, आपल्याकडं लोखंड कातणारे लेथ गल्लोगल्ली पण लाकडाचा मागितला की लोक आधी तोंडाकडं बघतात, ते असो. लाकूड जे मिळेल ते, आंबा, फणस, बाभूळ, शिवण, कुणाच्या परड्यातलं झाड पडलं की फोन येतो.

आतापर्यंत घरात आणि पाहुण्यांतच वाटत होतो. आता पन्हाळ्याकडच्या एका होमस्टेवाल्या ताईंनी मागितलेत, त्यांना मिसळ, तांबडा-पांढरा, कोशिंबीर सगळं लाकडात वाढायचंय, आणि त्यांनी सरळ विचारलं की आत जे लावता ते पोटात गेलं तर चालतं का. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मला त्याचं उत्तर नीट द्यायचंय, काय होत नाही ओ म्हणून सोडायचं नाहीये.

माझं मत आधी मांडतो मग तुम्ही बोला. डब्यावर फूड सेफ छापलंय का नाही यापेक्षा दोन गोष्टी मी बघतो. एक, ते पूर्ण घट्ट झाल्यावर लाकडात नक्की काय उरतं. दोन, झिजल्यावर ज्याच्या घरात वाडगा आहे तो माणूस स्वतः ते परत लावू शकतो का. वाडगा म्हणजे काय शोकेसमधली वस्तू नव्हे, त्यात चमचा खरवडणार, रोज घासला जाणार, आणि काहीही लावलं तरी ते झिजणार हे धरूनच चालायला पाहिजे. म्हणून वरती पापुद्रा धरणाऱ्या पॉलिशपेक्षा लाकडात मुरणारं तेल-मेण मला जवळचं वाटतं. पण मुरणाऱ्यात पण पंचवीस प्रकार आहेत आणि प्रत्येकजण वेगळं सांगतो. तुम्ही काय लावता, का लावता, आणि पावसाळ्यात त्याचं काय होतं ते सांगा.

सुतारपोर

भावा एवढा विचार कशाला करतोयस, सँडिंग सीलर मार, वर मेलामाइनचे दोन हात मार, आरशासारखं होतंय. फर्निचरला आम्ही तेच करतो, गिऱ्हाईक एकदम खूश. तेल लावलेलं लाकूड लोकांना जुनाट वाटतंय, वाडगा चकाकला पाहिजे तर पैसे सुटतात. नाहीतर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन मार, ते तर पाण्याला पण दाद देत नाही.

करवीर_खराद

@सुतारपोर भावा फर्निचरला मेलामाइन चांगलंच आहे, त्यात वाद नाही, दारं-कपाटं मी पण त्यातच करून घेतलीत. पण त्यात फॉर्मल्डिहाइडवाली रेझिन असते आणि घट्ट व्हायला अॅसिडचा हार्डनर घालतात, वाळताना डोळ्याला जे झोंबतं ते त्याचंच, आणि नंतरही काही काळ ते थोडं थोडं सुटत राहतं. आत कोशिंबीर वाढायची म्हटल्यावर मला ते नको. पीयूचं वेगळं, ते पूर्ण क्युअर झालं, म्हणजे आतपर्यंत घट्ट झालं की बऱ्यापैकी निष्क्रिय होतं हे मान्य. पण हाताला कोरडं लागणं वेगळं आणि आतून पूर्ण क्युअर होणं वेगळं, साधारण महिनाभर ठेवावं असा अंदाज धरतात. दोन डब्यांचं पीयू असेल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, मारताना नीट मास्क नसेल तर फुफ्फुसाचं कायमचं दुखणं लागू शकतं, तू रोज मारतोस म्हणून मुद्दाम सांगतोय, तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही.

आणि खरी अडचण पुढं आहे. चमच्यानं, सुरीनं पापुद्र्याला एक चीर गेली की तिथनं पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं, पापुद्रा सुटतो आणि मग तो कपच्या होऊन जेवणात येतो. तेव्हा घरातल्या माणसाच्या हातात काहीच नसतं, सगळं खरवडून परत मारायलाच लागतं. सुकामेव्याचा, फळांचा वाडगा असेल तर पीयू खुशाल चालेल, ओल्याला नाही.

भाकरीवाली

मी लाकूडकामातली नाही पण लाकडात रोज जेवण करते म्हणून बोलते. आमच्याकडं सासूबाईंच्या वेळची बाभळीची काठवट आहे, रोज त्यात भाकरीचं पीठ मळलं जातं. त्याला आजवर कुठलंही पॉलिश नाही. पीठ मळून झालं की लगेच धुवायची, पाण्यात बुडवून कधीच ठेवायची नाही, फडक्यानं पुसायची आणि भिंतीला उभी टेकवून सावलीत वाळवायची, उन्हात ठेवली की तडकते. अधनंमधनं सुक्या खोबऱ्याची वाटी घेऊन आतनं रगडायची, बास. आता हाताला मऊ लागते आणि रंग काळपट चॉकलेटी झालाय. मला वाटतं तुम्ही लोक लावायचं काय याच्यात फार अडकलाय, धुवायचं-वाळवायचं कसं हे निम्म्याच्या वर आहे.

पण रस्सा मात्र मी लाकडात वाढणार नाही ओ. हळद आणि तिखटाची तर्री लाकडात शिरली की गेलाच तो वाडगा.

करवीर_खराद

@भाकरीवाली ताई अगदी पटलं. बाभूळ मुळातच घट्ट आणि जड लाकूड, त्यात पीठ म्हणजे कोरडं-ओलसर काम, त्यामुळं काठवटीला काही न लावता चालतं. तसाच काही न लावलेला आंब्याचा वाडगा केला तर तो पाणी पितो आणि डाग लवकर धरतो. लाकूड कुठलं यावर पण बरंच आहे.

खोबऱ्याचं मला जरा विचारायचंय, वास येत नाही का? कारण शेंगतेल लावलेले वाडगे बाजारात हातात घेतले की कितीतरी वेळा खवट वास येतो आणि आतनं चिकट लागतात.

रसायनमास्तर

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच असतं, त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध. हवेतला ऑक्सिजन त्या जागी चिकटतो, मग शेजारशेजारचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचं जाळं तयार होऊन ते घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की ते परत तेल होत नाही. शेंगतेलात मुख्यतः ओलिक आम्ल, त्याला एकच दुहेरी बंध. ऑक्सिजन त्यालाही चिकटतो पण जाळं बांधायला बंध पुरत नाहीत, रेणू तुटतात आणि लहान लहान अल्डिहाइडं तयार होतात, तोच खवट वास. म्हणजे क्रिया एकाच जातीची, एकीकडं फिनिश तयार होतं आणि दुसरीकडं खवटपणा. खोबरेल तेलात जवळजवळ ९० टक्के संतृप्त आम्लं, दुहेरी बंध फारसे नाहीतच, म्हणून ते वाळतही नाही आणि लवकर खवटही होत नाही. ताईंच्या काठवटीला वास येत नाही त्याचं कारण हे.

मोजायची रीत म्हणजे आयोडीन अंक. जवस साधारण १७० ते २००, शेंगतेल ८४ ते १०० च्या घरात, खोबरेल ६ ते ११. जितका जास्त तितकं वाळणारं. सूर्यफूल, करडई, सोयाबीन मधले, ते अर्धवट वाळतात आणि बरेच दिवस चिकट राहतात, म्हणून वाडग्याला टाळलेले बरे. तीळ पण टाळा. एरंडेल दिसायला घट्ट असलं तरी वाळणारं नाही.

तेव्हा तेल निवडायचं तर दोन टोकांपैकी एक निवडा. एकतर खरंच वाळणारं, जवस, टंग (एका चिनी झाडाच्या बियांचं तेल), अक्रोड. नाहीतर अजिबात न बदलणारं, खोबरेल किंवा औषधाचं लिक्विड पॅराफिन. मधली तेलं स्वयंपाकाला ठेवा.

पेठेतला

सर मस्त समजलं. मग जवसाचं तेल हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतंय, ते चालेल ना? स्वस्त पण आहे आणि रात्रीत वाळतंय.

रसायनमास्तर

@पेठेतला आतून लावायला नको. ते नुसतं उकळलेलं तेल नसतं. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, कोबाल्ट, मँगनीज वगैरे, आणि पूर्वी शिसंही घालत. डब्यावर घटक लिहिलेले नसले तर तुम्हाला कळणार नाही. अमेरिकेत एफडीएच्या, म्हणजे त्यांच्या अन्न-औषध खात्याच्या, नियमांत, २१ सीएफआर १७५.३०० मध्ये, जेवणाला लागणाऱ्या लेपात काय काय चालतं याची यादी आहे आणि त्यात जवस, टंग ही तेलं आहेत, त्यावरून लोक म्हणतात की पूर्ण क्युअर झालेलं कुठलंही फिनिश चालतं. हे म्हणणं अगदी चूक नाही, पण ती यादी घटकांची आहे, तुमच्या हातातल्या विनालेबल डब्याची नाही.

रंगीत काही वापरणार असाल तर अजून जपा. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम २०१६ चा आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. माळ्यावरचे त्याआधीचे डबे खाण्याच्या आणि लहान मुलांच्या वस्तूंना अजिबात लावू नका.

करवीर_खराद

सर खूप आभार, इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

मी स्वतः लाकडी घाण्यावरचं जवसाचं तेल आणतो, जे खायला विकतात तेच, त्याच जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्यामुळं आत काय आहे याची काळजी नाही. ते कच्चं असल्यामुळं सावकाश वाळतं एवढंच. माझी पद्धत अशी, तेल काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत ओतायचं, वर फडकं बांधायचं आणि उन्हाळ्यात गच्चीवर ठेवायचं, मधनंमधनं हलवायचं. काही आठवड्यांत ते मधासारखं दाट होतं. असं उन्हात दाट केलेलं तेल लवकर वाळतं आणि चकाकी पण जास्त देतं, चित्रकार लोक तैलरंगासाठी हे कधीपासून करतात. मात्र लावताना एकदम पातळ हात. लावायचं, थोडं मुरू द्यायचं आणि मग वर जेवढं दिसतंय तेवढं सगळं पुसून काढायचं. पुसायला कंटाळा केला तर वरती साय धरते, ती वरनं वाळते आणि आत ओली राहते. एक हात नीट वाळला की पुढचा. शेवटच्या हातानंतर वाडगा महिनाभर तरी हवेत आणि उजेडात ठेवतो. अंधाऱ्या कपाटात ठेवला की जवसाचं तेल पिवळं पडतं.

त्याआधी घासकाम नीट पाहिजे. ८०, १२०, १८०, २२० नंबरचा पॉलिशपेपर असं क्रमानं, मग ओल्या फडक्यानं वाडगा पुसायचा म्हणजे लाकडाचं रोम उभं राहतं, वाळलं की ३२० नं हलकं मारायचं. हे आधी नाही केलं तर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यातच वाडगा खरखरीत होतो आणि मग सगळे तेलाला नावं ठेवतात.

गगनबावडा_धुकं

आमच्या भागात जवस चालत नाही दादा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच एवढी ओली असतीय की तेल वाळायचं नावच घेत नाही आणि त्यावर काळे ठिपके येतात, बुरशी धरते. उन्हाळ्यात लावून पूर्ण वाळलेलं असलं तर जरा बरं राहतं, पण पावसात नवीन लावलं की गेलंच. गावात ज्यांच्याकडं लाकडी भांडी आहेत ते पावसाळ्यात ती चुलीच्या वरच्या फळीवर ठेवतात, धुरानं आणि उबेनं कोरडी राहतात.

करवीर_खराद

@गगनबावडा_धुकं हे तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत. जवसाचं कच्चं तेल बुरशीचं खाद्यच आहे, जोवर पूर्ण घट्ट होत नाही तोवर. कोल्हापूर शहरात पण जुलै-ऑगस्टमध्ये हाच त्रास. म्हणून मी जवसाचं काम फेब्रुवारी ते मे मध्येच उरकतो आणि पावसाळ्यात नुसतं लिक्विड पॅराफिन आणि मधमाशीचं मेण, कारण पॅराफिन बुरशीला सहज खाता येत नाही.

आणि जवसाची एक गोष्ट सगळ्यांनी कृपा करून डोक्यात पक्की ठेवा. तेल पुसलेल्या चिंध्या. तेल वाळताना उष्णता सुटते, चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत वाढत जाते आणि काडी न लावता चिंधी पेटते. आपल्या वर्कशॉपमध्ये खाली भुसा पसरलेला असतो, विचार करा काय होईल. काम झालं की चिंध्या बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवायच्या नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवायच्या. भुश्याच्या पोत्यात किंवा कचऱ्याच्या बादलीत कधीच टाकू नका. घरातली पोरं मदतीला असतील तर त्यांना पण दाखवा. मी हे दर वेळी सांगतो आणि सांगत राहणार.

मेडिकलवाला

लिक्विड पॅराफिनबद्दल मी बोलू शकतो. मेडिकलमध्ये मागताना लिक्विड पॅराफिन आयपी असंच मागा. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपियाच्या दर्जाचं, पोट साफ व्हायला तोंडानं घ्यायचं औषध म्हणून ते विकतात, त्यामुळं शुद्धतेची काळजी नाही. हेवी आणि लाइट दोन मिळतात, वाडग्याला हेवी घ्या, जास्त वेळ टिकतं. नुसतं पॅराफिन मागितलं तर काही जण मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिसळलेलं पांढरट-गुलाबी औषध देतात, ते नको, त्यात गोडवा आणि वास असतो. बेबी ऑइल पण नको, सुवास घातलेला असतो. शिलाई मशीनचं तेल दिसायला तसंच पण ते खाण्याच्या दर्जाचं नसतं, ते तर अजिबात नको.

रंग नाही, वास नाही, खवट होत नाही. दोष एकच, ते वाळत नाही. धुण्यात हळूहळू निघून जातं, म्हणून परत परत लावायला लागतं.

पेठेतला

म्हणजे जेवणात थोडं थोडं जाणार ना?

मेडिकलवाला

जाणार, पण मुरून पुसून घेतलेल्या वाडग्यातनं अगदी किंचित. औषध म्हणून लोक ते चमच्यानं घेतात. मेण मिसळलं की अजून कमी जातं.

करवीर_खराद

मेणाचं प्रमाण बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय म्हणून इथंच लिहितो. वजनानं चार भाग तेल, एक भाग मधमाशीचं मेण. घट्ट पाहिजे असेल तर तीनास एक. मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, त्यामुळं थेट गॅसवर ठेवायची काही गरज नाही, पातेल्यात पाणी गरम करून त्यात स्टीलचा डबा ठेवायचा, मेण किसून घालायचं, विरघळलं की तेल घालून हलवायचं आणि पसरट डबीत ओतायचं. थेट आचेवर मेण पेट घेऊ शकतं. थंडीत मिश्रण घट्ट होतं, तेव्हा डबी गरम पाण्यात धरायची. लावायच्या आधी वाडगा थोडा कोमट केला, नुसता उन्हात अर्धा तास ठेवला तरी, खोलवर मुरतं.

मेण आणताना जपा, बाजारात मेणबत्तीचं मेण मिसळून मधमाशीचं म्हणून देतात. खऱ्याला मधाचा वास असतो, आणि तुटताना ते दाणेदार तुटतं. आपल्या जिल्ह्यात भुदरगड तालुक्यात पाटगाव मधाचं गाव आहे, तिकडं मध काढणाऱ्यांकडं मेण पण मिळू शकतं, तिकडं जाणार असाल तर जरूर विचारा, ते मेण घेतलं तर पैसा पण जिल्ह्यातच राहतो.

जास्त चकाकी हवी असेल तर थोडं कार्नोबा मेण, म्हणजे एका ताडाच्या पानांवरचं मेण, मिसळतात. ते ८२ ते ८६ अंशाला वितळतं, त्यामुळं गरम पदार्थाला जरा जास्त दाद देतं, पण नुसतं कार्नोबा कडक आणि ठिसूळ होतं.

कोकणातून

इकडं सावंतवाडीकडून नमस्कार. तुमच्या चर्चेत लाखेचा उल्लेखच नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडं खेळण्यांना लाखकाम पिढ्यानपिढ्या चालत आलंय, पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन. तिकडं कर्नाटकात चन्नपट्टणला खरादावर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर बसते आणि मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. ना थिनर ना ब्रश. लाख किड्यापासून, पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर होते, आणि शुद्ध केलेली लाख औषधाच्या गोळ्यांना, चॉकलेट-गोळ्यांना वरनं लावतात, ई ९०४ या खाद्यघटकांच्या नंबरानं. याच्याइतकं आपलं आणि खाण्याला चालणारं दुसरं काय आहे?

करवीर_खराद

@कोकणातून दादा लाखेवर माझा पण फार जीव आहे, आणि तुम्ही लिहिलेली कांडी दाबायची पद्धत माझ्या लेथवर झकास होते, बाहेरच्या बाजूला मी तीच करतो. आतल्या बाजूचं मात्र वेगळं. लाख ७५ अंशाच्या आसपास मऊ पडते, उकळता चहा-रस्सा ओतला की पांढरट डाग. सोडा, भांडी घासायची पावडर, राख असलं काही लागलं की ती सुटते, अल्कलीत विरघळते. आणि अल्कोहोलमध्ये तर ती विरघळतेच, म्हणूनच फ्रेंच पॉलिश बनतं. कोरड्या खाऊच्या वाडग्याला, मुखवासाच्या डब्याला, मुलांच्या खेळण्याला लाख उत्तम. रोज घासायच्या वाडग्याला आतून तेल-मेण आणि बाहेरनं लाख, असं मी ठरवलंय, कडेवर जिथं ओठ लागतात तिथवर तेल-मेणच.

अजून एक, रंगीत कांडी असेल तर रंग कुठला घातलाय ते विचारून घ्या. आणि हार्डवेअरमधलं तयार फ्रेंच पॉलिश नको, त्यात काय काय मिसळलंय कळत नाही आणि त्यातलं स्पिरिट मिथेनॉल घातलेलं असतं. स्पिरिट उडून जातं हे खरं, पण बंद खोलीत त्याच्या वाफा तुम्हीच ओढता. करायचंच असेल तर चपडा लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांची शुद्ध लाख, आणून घरी विरघळवा, खिडक्या उघड्या ठेवून.

सुतारपोर

दादा मास्कचं वाचलं, आजच दुकानातनं फिल्टरवाला आणतो. आणि एक विचारतो, आमच्याकडं पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन भरपूर येतंय, एमआयडीसीतनं, फुकटात. त्याचे वाडगे जमतील का?

करवीर_खराद

@सुतारपोर मास्क आणतोयस हे ऐकून बरं वाटलं भावा. पाइनचं, पेटीवर जळका शिक्का असतो तो बघ. त्यात एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला, ते जेवणाच्या वस्तूला हातच लावू नको. आणि एचटी असलं तरी पेटीत आधी ऑइल, केमिकल काय भरलं होतं कुणास ठाऊक, लाकूड ते शोषून बसलेलं असतं. फोटोफ्रेम कर त्याच्या.

लाकडावरून आठवलं, कण्हेर विषारी आहे, तिचं काहीच करू नका. बिब्ब्याचं लाकूड पण नको, त्याच्या चिकानं अंगावर फोड येतात. आंबा त्याच कुळातला असल्यामुळं काही जणांना त्याच्या भुश्याची अॅलर्जी होते, मास्क लावा, पूर्ण वाळलेला वाडगा जेवायला ठीक.

भाकरीवाली

बाभळीच्या वाडग्यात चिंचेचं पाणी ठेवलं आणि त्यात लोखंडी डाव राहिला तर काळं का पडतं ओ? आमच्याकडं झालंय.

रसायनमास्तर

@भाकरीवाली बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून तर तिची साल कातडं कमवायला वापरतात. चिंचेच्या आम्लानं लोखंड थोडं विरघळतं आणि टॅनिनशी मिळून काळी शाई तयार होते. जुन्या काळी शाई अशीच करत. अपायकारक नाही. लिंबू चोळून धुतलं तर बरंच फिकं होईल. लाकडी वाडग्यात चमचा लाकडी नाहीतर स्टीलचा ठेवा.

हळदीच्या डागावर साधा उपाय, तो भाग थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा. हळदीतलं कर्क्युमिन उजेडानं फिकं पडतं. सोडा किंवा साबण घासू नका, अल्कलीत हळद लाल होते.

आजरा_घनसाळ

एक शंका. लाकडात जंतू राहतात म्हणून हॉटेलवाले प्लास्टिक वापरतात असं ऐकलंय. होमस्टेला कुणी आजारी पडलं तर?

रसायनमास्तर

@आजरा_घनसाळ अमेरिकेत डीन क्लायव्हर नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात चिरायच्या फळ्यांवर यावर काम केलं. लाकडावर टाकलेले जंतू आत ओढले जातात आणि तिथं वाढत नाहीत, हळूहळू मरतात असं त्यांना दिसलं, उलट सुरीच्या चरे पडलेल्या प्लास्टिकच्या फळ्या साफ करणं अवघड गेलं. पण याचा अर्थ लाकूड न धुता चालतं असा नाही. वाडगा पूर्ण वाळतो का हे सगळ्यात महत्त्वाचं, ताईंनी वर सांगितलंय तेच. भेग पडलेला वाडगा मात्र जेवणातून काढा.

पेठेतला

टंग ऑइल कुणी वापरलंय का? ऑनलाइन बाहेरचे डबे दिसतात, महाग आहेत. आणि हार्डवॅक्स ऑइल, ते तेल-मेणाचं तयार मिश्रण?

करवीर_खराद

@पेठेतला शुद्ध टंग तेल चांगलंच, जवसापेक्षा पाण्याला जास्त दाद देतं आणि पिवळं कमी पडतं. पण डब्यावर टंग ऑइल फिनिश लिहिलं असेल तर थांबा, अशा बऱ्याच डब्यांत थिनर घातलेलं वार्निशच असतं. शंभर टक्के शुद्ध असंच लिहिलेलं पाहिजे, आणि ते पण पूर्ण क्युअर व्हायला आठवडे लागतात. हार्डवॅक्स ऑइलवर ईएन ७१-३ लिहिलेलं दिसेल, तो युरोपचा खेळण्यांचा दर्जा आहे, लेपातनं शिसं वगैरे धातू किती सुटतात ते बघणारा. चांगली खूण आहे पण जेवणासाठी चालतं असा त्याचा सरळ अर्थ होत नाही, जेवणाचं वेगळं लिहिलंय का ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

अक्रोडाचं तेल पण वाळतं आणि वास छान, पण कुणाला अक्रोडाची अॅलर्जी असेल तर? विकायच्या वाडग्याला मी ते लावत नाही. आणि वाडग्याला जे लावलंय ते कागदावर लिहूनच देतो, जवस असलं तरी.

आजरा_घनसाळ

मग होमस्टेच्या ताईंना काय सांगणार? ऑर्डर सोडणार का?

करवीर_खराद

सोडत नाही, पण ऑर्डर बदलायला सांगणार आहे. रस्सा आणि मिसळीचा कट लाकडात नको हे मी त्यांना स्पष्टच सांगणार. उकळता तेलकट रस्सा आत ओतला की मेण वितळतं, तर्रीचं तेल लाकडात शिरतं, तेच पुढं खवट होतं, आणि मग भांडी घासणारा पोरगा गरम पाणी आणि पावडर घेऊन रगडतो, त्यात राहिलेलं पण निघून जातं. तिथं कुठलंच तेल-मेण टिकणार नाही, आणि पापुद्रावालं मारून मी देणार नाही. रस्सा कल्हईच्या पितळी वाटीत नाहीतर स्टीलमध्येच द्या, तोच मान आहे त्याचा. लाकडात कोशिंबीर, भाकरीची टोपली, कांदा-लिंबू, फरसाण, फळं, ठेचा, सुकी भेळ, हे सगळं जमतं आणि दिसतं पण छान.

पन्हाळ्यावर पावसात धुकं आणि ओल किती असते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं त्यांच्या वाडग्यांना फणस आणि शिवण, आणि आतनं पॅराफिन-मेण. सोबत मेणाची एक डबी देणार आणि स्वयंपाकघरात जे काम करतात त्यांना स्वतः जाऊन दाखवणार, कोमट पाणी, मऊ घासणी, लगेच पुसणं, पालथं न घालता कडेवर उभं करून वाळवणं. पाण्याचा थेंब टाकला आणि तो मोत्यासारखा न राहता पसरला की समजायचं मेण लावायची वेळ झाली. आपण चपलेला तेल देतो तसंच, कोरडी दिसली की द्यायचं.

भाकरीवाली

ठेच्याचं बघा हं, मिरचीचा आणि लसणाचा वास लाकडात बसतो. ठेच्याला एक वाडगा वेगळाच ठेवायला सांगा, त्यात दुसरं काही वाढायचं नाही. वास फारच झाला तर मीठ टाकून लिंबाच्या फोडीनं रगडायचं आणि धुऊन वाळवायचं, आणि त्यानंतर मेण परत लावायचं.

करवीर_खराद

@भाकरीवाली ताई हे त्यांना नक्की सांगतो, ठेच्याचे वाडगे बाहेरनं लाल लाखेचे करतो म्हणजे स्वयंपाकघरात अदलाबदल होणार नाही.

कोकणातून

लाल कांडी इकडनं घेऊ नका आधी विचारल्याशिवाय, मी ओळखीच्या कारागिराला रंगाचं विचारून इथंच कळवतो. कडेपासून किती खाली लाख सुरू करणार ते सांगा, म्हणजे किती कांडी लागेल तो अंदाज त्यांना देता येईल.

करवीर_खराद

कडेपासून दोन बोटं खाली, तिथं बारीक खाच काढतो म्हणजे लाख वर सरकत नाही. वाडगा साधारण वीतभर रुंद. कळवा दादा, वाट बघतो.